निघाले मिशनवर, पोचले भलतीकडे

पुण्यातली सर्वांत गाजलेली मिशन-भेट उलट्या दिशेची होती. मिशनरी लोकांकडे गेले नव्हते, लोकच मिशनरींकडे गेले होते. अंतरही काही फार नव्हतं. नारायण पेठेतून गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनपर्यंत रमतगमत गेलं तरी अर्धा तास पुरतो. ऑक्टोबर १८९० मध्ये शहरातली चाळिसाहून अधिक प्रतिष्ठित मंडळी तिथे व्याख्यानाच्या निमित्ताने जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झालं आणि मग चहा-बिस्किटं आली.

त्या दिवशी व्याख्यानात काय सांगितलं गेलं, हे आज पुण्यात कुणालाही विचारा, सांगता येणार नाही. चहा कुणाकुणासमोर आला, याची मात्र यादी छापून आली. हा सगळा घाट घालणारे गृहस्थ गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. बड्या लोकांची फजिती पाहण्याची त्यांना दांडगी हौस. सुधारणेच्या गप्पा मारणारे मिशनच्या कपाला तोंड लावतात की नाही, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि ‘पुणेवैभव’ पत्रातून सगळ्या गावाला दाखवलं.

पुढे जे झालं त्याला ग्रामण्य म्हणतात, म्हणजे जातीच्या आचारावरून पेटलेला वाद. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि चौकशीसाठी शास्त्री पुण्यात आले. एकेका प्रतिष्ठिताचं वर्तन तपासलं गेलं. कुणी चहा प्यायला होता, कुणी कप नुसता हातात धरून भिडेखातर बसला होता, कुणी तो तसाच बाजूला सारला होता. टिळकांनी चहा घेतल्याचं नाकारलं नाही, शास्त्रार्थ लढवला आणि काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार पुढे केला. रानडे चहा प्यायलेच नव्हते, तरी मित्रांची अडचण वाढू नये म्हणून १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्यामुळे सनातन्यांचं समाधान झालं ते झालंच, पण सुधारक रुसले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाचा मनस्ताप लिहून ठेवला आहे.

हिशेब मांडला तर एका संध्याकाळच्या भेटीने शहराला दोन वर्षं पुरेल एवढं काम दिलं. त्या कपामुळे कुणी ख्रिस्ती झाल्याचं ऐकिवात नाही. वृत्तपत्रांचा खप, भिक्षुकांचा भाव आणि गोपाळरावांची करमणूक मात्र नक्की वाढली.

मिशनच्या पहिल्या फेरीचं हे असंच असतं. ठरलेलं असतं एक, घडतं दुसरं, आणि लोकांच्या लक्षात राहतं तिसरंच. मराठी मुलखात गेली चारशे-साडेचारशे वर्षं हा क्रम बिनचूक चालू आहे.

सुरुवात फादर थॉमस स्टीफन्सपासून करावी लागते. हा इंग्रज जेझुइट एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. परगावी गेलेल्या मुलाच्या पहिल्या पत्रात जे असतं तेच त्यात आहे: प्रवास कसा झाला, वारा कसा पडला, हिरड्या सुजून माणसं कशी आजारी पडली, समुद्रात कोणकोणते मासे आणि पक्षी दिसले. धर्मप्रसारासाठी जगाच्या टोकाला निघालेला माणूस सहा महिन्यांचा प्रवास संपवून वडिलांना माशांचं वर्णन कळवतो, हे वाचून कुणालाही बरं वाटेल. गंमत म्हणजे हे पत्र पुढे इंग्लंडात छापलं गेलं आणि पूर्वेकडच्या वाटेबद्दल व्यापाऱ्यांचं कुतूहल वाढवायला त्याने हातभार लावला. लिहिलं वडिलांसाठी, उपयोगी पडलं सावकारांना.

स्टीफन्स परत गेला नाही. साष्टीच्या परिसरात त्याने चाळीस वर्षं काढली, तिथली बोली शिकला, मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झालं. सुमारे अकरा हजार ओव्या! आला होता लोकांना आपल्या वाटेवर न्यायला, आणि स्वतःच ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेने चालू लागला. बायबलची कथा सांगता सांगता मध्येच थांबून तो मराठीचं तोंडभरून कौतुक करतो. ते पुढे इतकं प्रसिद्ध झालं, की शाळेत मराठीचा गौरव करायची वेळ आली की अजूनही या इंग्रज पाद्र्यालाच साक्षीला बोलावतात.

दुसरे विल्यम कॅरी. त्यांची तऱ्हा निराळी. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मोडी लिपीतला कोश काढला. नव्या कराराचं मराठी भाषांतरही त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. हे सगळं बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, वैजनाथ पंडितांना हाताशी धरून. महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. घरबसल्या काम करण्याची पद्धत आपण अलीकडे शोधून काढली, असं हिंजवडीत ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

प्रत्यक्ष मुंबईत पाऊल ठेवणाऱ्यांची पहिली फेरी जास्त दगदगीची होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन १८१२ साली कलकत्त्याला आले, तर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चालते व्हा म्हणून सांगितलं. कंपनीला व्यापारात धर्माची भानगड नको होती. शिवाय तेव्हा इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध जुंपलेलं. दोघे गुपचूप मुंबईच्या जहाजात बसले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी इथे उतरले. इथेही तेच. त्यांना इंग्लंडला रवाना करायचा हुकूम तयारच होता. मग दोघे होडीने कोचीनला सटकले. तिथून त्यांना पकडून परत मुंबईला आणलं. जगाला तारायला निघालेल्या माणसांचं पहिलं वर्ष असं दोन हुकुमांच्या मधल्या फटीत गेलं. शेवटी गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याकडे विनवण्या करून राहण्याची परवानगी मिळाली. नॉट यांची प्रकृती ढासळली आणि ते १८१५ मध्ये परत गेले. हॉल मात्र राहिले, मराठी शिकले, गावोगाव फिरले आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीवर असताना पटकीने वारले. जवळची औषधं त्यांनी वाटेतल्या रोग्यांना वाटून टाकली होती. शेवटी अंग टाकलं तेही एका देवळाच्या ओसरीत.

पुण्याचा मान इथेही वेगळा. पुणे शहरात ख्रिस्ती माणसं मिशनच्या बैलगाडीतून आली नाहीत, पेशव्यांच्या फौजेतून आली. या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती सरदार आणि शिपाई होते. त्यांना उपासनेला जागा हवी, म्हणून सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ च्या सुमारास, नाना पेठेत जमीन मिळाली. आजचं सिटी चर्च ते हेच. ज्या पेशवाईत सोवळ्या-ओवळ्याचे निवाडे होत होते तिनेच चर्चला जमीन दिली, आणि पुढे शंभर वर्षांनी त्याच शहरात मिशनच्या चहावरून रणकंदन झालं. तोफ चालवणाऱ्याला देव कुठला ते पेशव्यांनी विचारलं नाही. चहा पाजणाऱ्याला मात्र पुण्याने विचारलं.

इंग्रजी अमलात मिशनरी पुण्यात आले तेव्हा त्यांना चटकन एक गोष्ट उमगली असणार. इतर गावांत प्रवचनाला लोक एक तर येतात किंवा येत नाहीत. इथे लोक येतात, पुढच्या रांगेत बसतात आणि शंका विचारतात.

शंकांची ही हौस काही एकट्या पुण्याची नव्हती. १८३० च्या दशकात मुंबईत जॉन विल्सन आणि शास्त्रीमंडळी यांच्यात जाहीर वाद रंगले. एकाने पुस्तक काढायचं, दुसऱ्याने त्याला पुस्तकानेच उत्तर द्यायचं, असा तो क्रम. १८५७ साली, तिकडे उत्तरेत बंड पेटायच्या बेतात असताना, इकडे गिरगावच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या सभा संध्याकाळच्या वेळी नेमाने भरत होत्या. वाद धर्माचा, श्रोते हजारांनी, आणि वारा फुकटचा. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्या वादाचा वृत्तांत छापला, बुवांच्या बाजूनेही आपला छापला. दोन्ही वाचले, की दोन्ही पक्ष जिंकले होते असं दिसतं. हे बोवेन १८४८ साली मुंबईत आले, मिशनचा पगार नाकारून साधेपणाने राहिले आणि १८८८ मध्ये इथेच वारले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत.

बरं, शाळा काढाव्यात तर तिथेही गणित चुकायचं. स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत जोतीराव फुले शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण अहमदनगरला मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून आले आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढून बसले. मिस फरार या परदेशी मिशनवर पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित अमेरिकन बायांपैकी एक. १८२७ च्या अखेरीस आलेल्या बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मिशनच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्याचा रकाना असतो. फुल्यांना कुठल्या रकान्यात घालायचं, हा प्रश्न अहवाल लिहिणाऱ्याला पडला असेल तर नवल नाही.

उलट ज्यांनी रकाना भरला, ते त्या इराद्याने निघालेच नव्हते. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे पाद्र्याशी वाद घालून त्याला निरुत्तर करायला गेले. पंडिताला शोभेल असाच बेत. पण वाद लांबला, पुस्तकं वाचावी लागली आणि १८४८ साली शास्त्रीबुवा नेहेम्या गोरे झाले. पुढे महाराजा दुलीपसिंगांबरोबर विलायत पाहून आले, आणि उतारवयात पंचहौद मिशनशीही त्यांचा संबंध राहिला. नारायण वामन टिळकांची गोष्ट तर आगगाडीतली. १८९३ साली नोकरीसाठी ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, गप्पा झाल्या, काव्यावर बोलणं झालं, आणि त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवून सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. नाव-गाव काही सांगितलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. मुदत पाळणारं असं भाकीत रेल्वेच्या इतिहासात दुसरं सापडणं कठीण, कारण तिथे वेळापत्रकसुद्धा एवढं पाळलं जात नाही.

टिळकांनी मिशनच्या फेरीचा सूरच बदलला. विलायती चालींवर बसवलेली मराठी गाणी गाताना मंडळींची दमछाक व्हायची. टिळकांनी अभंग, ओवी, पदं लिहिली. कीर्तनाची वाट अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी आधीच घातली होती. टाळ-मृदंग आला, अभंग आला, आणि गावातल्या म्हातारीला पहिल्यांदा कळलं की हा बुवा आपल्यासारखंच गातो आहे. १९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. घरात पैसा टिकत नसे, कारण दारी आलेल्या गरजूला ते हातातलं देऊन मोकळे होत. या सगळ्याचा हिशेब त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त असा चुकता केला आहे, की संत नवऱ्याबरोबर संसार करणं हे मिशनच्या कुठल्याही दौऱ्यापेक्षा अवघड काम आहे हे वाचकाला पटतं.

पण उलट्या प्रवासाचा नमुना म्हणून एकाच माणसाचं नाव घ्यायचं तर ते व्हेरिअर एल्विनचं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी आणि धर्मशास्त्र दोन्हींत पहिला वर्ग मिळवलेला हा पंचविशीतला तरुण नोव्हेंबर १९२७ मध्ये पुण्याला यायला निघाला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेला ख्रिस्त सेवा संघ तेव्हा शिवाजीनगरला आपलं बस्तान बसवत होता. इथले इंग्रज खादी घालत, जमिनीवर मांडी घालून हाताने जेवत आणि ख्रिस्ताला भारतीय वेषात शोधत. कँपातल्या क्लबात काटे-चमचे खणखणत असताना नदीच्या अलीकडे ऑक्सफर्डचा पदवीधर आमटीभात कालवतो आहे, हे दृश्य तेव्हाच्या गोऱ्या साहेबांना फारच झोंबलं असणार.

एल्विनची गाडी लवकरच रुळावरून उतरली. संघात येऊन महिने लोटतात न लोटतात, तोच तो साबरमतीला गांधीजींना भेटला आणि काँग्रेसच्या बाजूने लिहू-बोलू लागला. पोलीस मागे लागले. १९३२ च्या जानेवारीत तो शामराव हिवाळे या मराठी मित्राला घेऊन मंडला भागातल्या गोंडांमध्ये राहायला गेला. बेत असा होता की तिथे सेवा करायची. नागपूरच्या बिशपांना वाटलं, धर्मप्रसारही करेल. एल्विनने तो करायला नकार दिला. मग पत्रं, मग रुसवे, आणि शेवटी एल्विन चर्चमधूनच बाहेर पडला. गोंडांची सेवा करायला गेलेला माणूस गोंडांनीच आपलासा केला. पुढे तो मानववंशशास्त्रज्ञ झाला, १९५४ मध्ये भारताचा नागरिक झाला, १९६१ मध्ये पद्मभूषण झाला. मिशनच्या हिशेबात ही बाकी खर्ची पडली. देशाच्या हिशेबात ती जमा झाली. शिवाजीनगरचा आश्रम अजून आहे, आणि त्याच्या शेजारून रोज हजारो लोक मेट्रोचं तिकीट मोबाइलवर दाखवत जातात.

आता पुणे स्वतःच मिशनरी घडवणारं शहर आहे. रामवाडीचं पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून इथे हललं. बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून आलं. मिझोरम, नागालँड, केरळ, ओडिशा इथून मुलं-मुली शिकायला येतात. त्यांची पहिली मिशन-सफर म्हणजे पुणेच. पुस्तकातला धर्म वर्गात शिकवतात, व्यवहारातला रिक्षावाला. ऐझॉलहून आलेला मुलगा पहिल्या महिन्यात ‘मीटरने चला’ म्हणायला शिकतो आणि दुसऱ्या महिन्यात ते ऐकून कुणी येत नाही हे शिकतो. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं हे कळतं, तेव्हा त्याची श्रद्धा खऱ्या अर्थाने कसाला लागते.

आणि मग पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळींच्या युवक संघाची पहिली स्वारी. हिची सुरुवात रविवारच्या उपासनेनंतर हॉलमध्ये होते. पाळकसाहेब घोषणा करतात की यंदा आपले तरुण राहुरी-श्रीरामपूर भागात तीन दिवस सुवार्तेसाठी जाणार. टाळ्या पडतात. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप गट तयार, नाव ‘मिशन राहुरी फायनल’. मंगळवारी ‘मिशन राहुरी फायनल २’, कारण पहिल्या गटात चुकून कुणाच्या तरी आत्याला घेतलं गेलं आणि त्या रोज पहाटे फुलांचे फोटो पाठवू लागल्या.

सामानाच्या यादीवर तीन बैठका होतात. ‘आपण सेवेला चाललोय, सहलीला नाही,’ असं अध्यक्ष बजावतात. सर्वांना पटतं. त्यानंतर सामानात फुगवायची उशी, ओडोमॉस, पॉवरबँक, गिटार, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, मेंढपाळांसाठी चादरी, देवदूताचे थर्मोकोलचे पंख आणि यजमानांसाठी पाच किलो बाकरवडी जमते. एका पंखाला निघण्यापूर्वीच तडा जातो, तेव्हा देवदूताचं काम सर्वांत बारीक मुलीला देऊन विषय मिटवला जातो. शिवाजीनगर स्टँडवर सकाळी सहाला जमायचं ठरतं. स्टँड वाकडेवाडीला गेला हे माहीत असूनही दोन जण जुन्या जागी उभे राहून फोन करतात, ‘तुम्ही कुठे आहात? इथे तर काहीच नाही.’

नगर रस्त्यावर एसटीत साक्षीची तालीम चालते. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते लोकांपुढे सांगणं. वेळ तीन मिनिटं. हिंजवडीतल्या इंजिनिअरने तिची बावीस स्लाइडची पीपीटी केलेली असते. तिसऱ्या स्लाइडवर ‘आव्हाने आणि संधी’ असा मथळा येतो. गावात पोचल्यावर लाइट गेलेली असते, त्यामुळे सभा वाचते.

गावात जे होतं ते मात्र कुठल्याच बैठकीत ठरलेलं नसतं. पाळकीणबाईंनी पहाटेपासून चुलीवर रस्सा रटरटत ठेवलेला असतो, आणि पाहुणे सेवेला आले आहेत हे त्यांना मान्य नसतं. पाहुण्यांनी बसायचं आणि जेवायचं. ताट उचलायला गेलेल्या मुलाला त्या हाताला धरून खाली बसवतात. सगळ्यांनी मिळून भांडी घासायचा सेवेचा कार्यक्रम त्या दुपारीच बारगळतो. संध्याकाळी गिटारवर गाणं सुरू होतं, तेव्हा पुढे बसलेल्या आजीबाई कान देऊन ऐकतात, मग हात वर करून थांबवतात. गाणं रेव्हरंड टिळकांचं असतं, मुलांनी ते मोबाइलवरून बसवलेलं असतं आणि मधलं एक कडवं राहिलेलं असतं. आजी ते कडवं म्हणून दाखवतात. पुढचंही म्हणतात. ढोलकीवाला ठेका धरतो, बायका सूर मिळवतात, आणि पुण्याचा गिटारवाला मागे सरून स्वर शोधत बसतो. शोधून सापडतो तोवर गाणं संपलेलं असतं.

मग नाटक. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. जखमी प्रवासी ओरडत पडतो, दोन जण तोंड फिरवून निघून जातात, आणि तिसरा यायच्या आत पहिल्या रांगेतला सात-आठ वर्षांचा मुलगा मोठ्याने सांगतो, ‘आता तो येणार. मागच्या वर्षी पण आला होता.’ मागच्या वर्षी नगरहून दुसऱ्या मंडळीचे तरुण येऊन गेलेले असतात आणि गाढवाचं काम त्यांच्याकडे जास्त चांगलं झालेलं असतं.

पाहुणे येऊन जातात, गावाला उपयोग थोडाच होतो, ही तक्रार जगभरातली आहे. अमेरिकेतून दर उन्हाळ्यात तरुणांचे जथे आठ-दहा दिवसांच्या मिशनवर परदेशी जातात, भिंती रंगवतात, घरं बांधतात. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये अशा गटांनी बांधलेल्या घरांचा कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने मागोवा घेतला. स्थानिक संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये घर उभं करत होती. पाहुण्यांच्या एका गटाला यायला-जायला आणि राहायला सुमारे तीस हजार डॉलर लागत होते. घरं दोघांचीही सारखीच होती. गावकऱ्यांनी आकडेमोड करायला वेळ लावला नाही. भारतात परदेशी पाहुण्यांची आणखी एक अडचण अशी, की पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. त्यामुळे पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला येणाऱ्यांनी पाहावं, ऐकावं आणि शांतपणे परत जावं हे उत्तम. पाहण्यासारखं तिथे पुष्कळ आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या त्या नाटक घेऊन गेल्या नव्हत्या. येताना शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या, आणि त्या मुलींनी वाढवलेल्या संस्थेच्या छापखान्यात रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल छापून निघालं.

पुण्याला परतल्यावर आढावा बैठक होते. ‘अतिशय आशीर्वादित अनुभव’ असं इतिवृत्तात पहिल्या ओळीत लिहिलं जातं. खजिनदार विचारतात की उसाच्या रसाचे तीनशे चाळीस रुपये कुठल्या खात्यात टाकायचे. कुणी म्हणतं प्रवास, कुणी म्हणतं आदरातिथ्य. पंखांचा खर्च अभ्यासवर्गात जातो. पंधरा मिनिटं याच्यावर जातात. मग अध्यक्ष गावच्या पाळकांचा निरोप वाचून दाखवतात. मुलं फार चांगली आहेत, पुन्हा जरूर यावीत, बाकरवडी संपली. पुढच्या वेळी नाटक नसलं तरी चालेल, फक्त दहावीच्या पोरांना गणित शिकवणारं कुणी असेल तर पाठवा, परीक्षा मार्चमध्ये आहे.

हॉलमध्ये क्षणभर सगळे एकमेकांकडे बघतात. संघात सहा इंजिनिअर, दोन सीए आणि एक बँकवाला असतो. गिटार वाजवायला चौघे हात वर करायचे. त्रिकोणमितीला कुणीच करत नाही, आणि पीपीटीवाला हळूच विचारतो, की नव्या अभ्यासक्रमात ती अजून आहे का.